पिकअपचे इंजेक्टर घरी बदलताना : काय करावे, काय टाळावे

हे नियम बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त यांसारख्या कॉमन रेल डिझेल गाड्यांसाठी आहेत. यांत्रिक पंपाच्या जुन्या डीआय गाड्यांचा उल्लेख लागेल तिथेच केला आहे.

काय करावे

*खोलण्याआधी*

- दोष इंजेक्टरचाच आहे याची खात्री करा. मिसिंग, काळा धूर, सकाळी उशिरा स्टार्ट होणे ही लक्षणे तुंबलेल्या फिल्टरची आणि गेलेल्या हीटर प्लगचीही असतात.
- डिझेल फिल्टर, सेपरेटरमधले पाणी, रबरी नळ्यांच्या क्लिपा, बॅटरी आणि वायरिंगचे कपलर आधी तपासा. दोष इथेच सापडला तर इंजेक्टरला हात लावायची गरज नाही.
- रिटर्न चाचणी घ्या: प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी सारख्या मापाच्या पारदर्शक बाटलीत सोडा, इंजिन स्लोवर ठेवा आणि बाटल्या शेजारी शेजारी लावून बघा.
- ज्या इंजेक्टरची बाटली इतरांपेक्षा ठळकपणे लवकर भरते तो आतून गळतो; त्यावर लगेच खूण करा.
- जुन्या फिल्टरमधले डिझेल पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरून बघा. चांदीसारखी चमकी दिसली तर हाय प्रेशर पंप झिजतो आहे.
- चमकी दिसली तर पंपाचा निकाल आधी लावा, टाकी आणि रेल धुऊन घ्या, मगच नवे इंजेक्टर आणा. नाहीतर तीच चमकी नव्या इंजेक्टरमध्ये शिरेल.
- पार्ट नंबर जुन्या इंजेक्टरवरून उतरवून घ्या. एप्रिल २०२० च्या आधीची बीएस ४ आणि नंतरची बीएस ६ गाडी एकाच नावाची असली तरी इंजेक्टर वेगळा असू शकतो.
- माल अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलावर घ्या. बॉशचा कारखाना नाशिकला आहे, अस्सल माल मिळत नाही ही सबब ऐकून घेऊ नका.
- तांब्याची वॉशर, ओ-रिंगा, क्लॅम्पचे बोल्ट, रिटर्नच्या क्लिपा आणि नवा डिझेल फिल्टर इंजेक्टरबरोबरच आणा. गाडी खोलल्यावर एका वॉशरसाठी रावेरहून जळगाव गाठावे लागते.
- इंजेक्टरचा कोड ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) लिहून देणारा स्कॅनरवाला आधी ठरवा. तो घरी येईल की गाडी त्याच्याकडे न्यावी लागेल, हे आजच विचारा.
- गाडीच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. हाताच्या अंदाजाला या कामात जागा नाही.
- दोन मोकळे दिवस धरा. हेडमध्ये चिकटलेला एक इंजेक्टर पूर्ण दिवस खातो.
- मे महिन्यात काम पहाटे सुरू करा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारच्या वाऱ्यात काळ्या मातीची धूळ असते.
- जागा बंदिस्त निवडा, जमिनीवर पाणी शिंपडा आणि धूळ बसल्यावरच बॉनेट उघडा.
- आदल्या दिवशी इंजिनाचा वरचा भाग पुसून, हवा मारून स्वच्छ करा. आल्टरनेटर आणि कपलर प्लॅस्टिकने झाका.
- कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी चालत नाही.
- चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि सोबत एक जाणता माणूस ठेवा.

*काढताना*

- गाडी सपाट जागी उभी करा, हॅंडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा.
- इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. रेलमधला दाब तेवढ्या वेळात उतरतो आणि हातही भाजत नाही.
- बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ती परत टेकणार नाही अशी बांधून ठेवा.
- काही काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या; पाइपांचे वळण आणि क्लिपांच्या जागा संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाहीत.
- प्रत्येक इंजेक्टर, पाइप आणि कपलरला सिलिंडरचा क्रमांक लिहिलेली पट्टी लावा. क्रमांक कोणत्या टोकापासून सुरू होतो ते मॅन्युअलमध्ये बघा.
- कपलरची खिटी दाबून मगच तो ओढा. उष्णतेने कडक झालेले प्लॅस्टिक जोर केला की तुटते.
- नट ढिला करण्याआधी त्याच्या भोवती आधी ब्रश, मग हवा मारा; घाण आत जाण्याचा धोका नट सुटतो त्याच क्षणी असतो.
- दोन पाने वापरा: एकाने इंजेक्टरचा भाग धरा, दुसऱ्याने पाइपचा नट फिरवा.
- पाइप सुटताच दोन्ही तोंडांना टोपणे लावा. टोपण नसेल तर नवी स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधा.
- चिकटलेल्या इंजेक्टरला रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू द्या. सकाळी डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवा, मग पुलरने सरळ वर ओढा.
- जुने वॉशर इंजेक्टरबरोबर बाहेर आले का ते बघा. खाली राहिले असेल तर वाकवलेल्या तारेने काढा, आणि मोजून सगळी वॉशर हाती आली याची खात्री करा.
- बसण्याची जागा टॉर्चने बघा. काळे कार्बन असेल तर त्या मापाच्या ब्रशने हळू साफ करा.
- साफ करताना खालचे छिद्र ग्रीस लावलेल्या छोट्या कापडी बोळ्याने बंद ठेवा. पिस्टनवर पडलेला खडा पुढे मोठे काम काढतो. बोळ्याला दोरा बांधा, म्हणजे तो विसरला जाणार नाही.
- काढलेले इंजेक्टर क्रमाने स्वच्छ ट्रेमध्ये उभे ठेवा आणि सगळे एकदम पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंचवर न्या.
- बेंचचा छापील अहवाल मागा. बाद ठरलेलेच बदला, चांगले परत लावा, मात्र उघडलेल्या प्रत्येकाला नवे वॉशर द्या.

*बसवताना*

- हात साबणाने धुवा, कपडे झटका आणि मगच नव्या इंजेक्टरचा डबा उघडा.
- इंजेक्टरच्या डोक्यावरच्या कोडचा फोटो बसवण्याआधी घ्या आणि तो कोणत्या सिलिंडरला गेला ते त्याच कागदावर लिहा. नंतर तो पाइपांखाली दडतो. एक अक्षर चुकले तरी ईसीयू त्या सिलिंडरचे डिझेल चुकीचे मोजते.
- टोपणे अगदी शेवटच्या क्षणी काढा. काढली की इंजेक्टर लगेच जागेवर गेला पाहिजे.
- वॉशर जुन्याच जाडीचे घ्या. जाडी बदलली की नोझल पिस्टनपासून वर-खाली होते आणि डिझेलचा फवारा चुकीच्या जागी पडतो.
- उष्णता सोसणारे सिरॅमिक ग्रीस इंजेक्टरच्या अंगाला अगदी पातळ लावा; पुढच्या वेळी तो सुटायला हवा.
- क्रम पाळा: इंजेक्टर आणि क्लॅम्प ढिले ठेवा, पाइपांचे नट हाताने बसवा, मग क्लॅम्प टॉर्कवर घट्ट करा आणि शेवटी पाइप. असे केले की पाइप ताणाखाली राहत नाही.
- कंपनीने हाय प्रेशर पाइप एकदाच वापरायचे म्हटले असेल तर नवेच लावा. टोकाचा शंकू एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही.
- टॉर्क पाना वापरा, नसेल तर भाड्याने आणा. क्लॅम्प ढिला राहिला तर ज्वलनाचा वायू वर येऊन इंजेक्टरभोवती डांबर जमवतो, जास्त आवळला तर हेडमधले आटे जातात.
- रिटर्नच्या प्रत्येक क्लिपेचा टक् आवाज ऐका आणि नळी हलकेच ओढून बघा.

*सुरू करताना आणि नंतर*

- नवा डिझेल फिल्टर लावा आणि हॅंड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंपाच्या गाडीत चावी काही वेळा ऑन-ऑफ करा.
- बॅटरी पूर्ण चार्ज असतानाच कोड लिहून घ्या. लिहिताना व्होल्टेज पडले तर ईसीयू अडचणीत येते.
- सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदच मारा आणि मध्ये मिनिटभर थांबा.
- गळती बघायला लांब पुठ्ठा सांध्याजवळ धरा. ओला डाग पडला तर इंजिन बंद करा, दाब उतरू द्या आणि मग दुरुस्त करा.
- इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती-मूल्ये बघा. एकच आकडा इतरांपासून दूर असेल तर तोच इंजेक्टर परत तपासा.
- पहिली फेरी रिकामी आणि सपाट रस्त्यावर घ्या: धुळ्याहून पारोळ्याकडे, जळगावहून भुसावळकडे.
- फेरीनंतर गाडी थंड झाली की सगळे सांधे पुन्हा बघा आणि इंजेक्टरभोवती बोट फिरवा. काळा चिकटा किंवा ओल असू नये.
- ऑइलची पट्टी काढा, पातळी बघा, वास घ्या; पातळी चढली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.
- पीयूसी नव्याने करून घ्या. धुराचा आकडा काम नीट झाले की नाही ते सांगतो.
- तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि कोड गाडीच्या वहीत लिहा. गाडी विकताना नव्या मालकाला ते पान द्या.
- उरलेले डिझेल आणि तेलकट चिंध्या बंद डब्यात ठेवा आणि जुने तेल घेणाऱ्याला द्या; विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतू नका.

काय टाळावे

*वेळ आणि जागा*

- केळीची कटाई ठरली असेल त्या आठवड्यात गाडी खोलू नका. घड वाट बघत नाहीत आणि घाईत टॉर्क चुकतो.
- कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या अंगणात किंवा कापूस भरलेल्या खोलीत हे काम करू नका. हवेत तरंगणारी रुई थेट इंजेक्टरच्या तोंडात बसते.
- निंबाखाली, उकिरड्याजवळ किंवा मळणीयंत्राच्या वाऱ्यात बसू नका.
- वेस्ट, धागे सुटणारी चिंधी किंवा जुनी साडी वापरू नका. धागे न सुटणारे कापड आणा.
- उजेड कमी झाल्यावर 'एवढेच लावून टाकू' म्हणू नका. टोपणे लावा, बॉनेट झाका आणि सकाळी परत बसा.
- बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर आणि चूल त्या आवारात नको.
- लहान मुलांना जवळ बसवू नका, पाने देण्यासाठीसुद्धा नाही.

*खरेदीत*

- सीलबंद नसलेला, कोड खोडलेला किंवा 'कंपनीचाच आहे, फक्त डबा नाही' असा इंजेक्टर घेऊ नका.
- भंगारातल्या गाडीचा इंजेक्टर बेंचवर न तपासता लावू नका.
- जुने वॉशर तापवून, घासून परत वापरू नका. किमतीने सगळ्यात लहान असलेल्या या भागावर कंजुषी केली की सगळे काम परत करावे लागते.
- दोन वॉशर एकावर एक ठेवू नका, आणि वॉशरच्या जागी सीलंट तर कधीच लावू नका.

*हत्यार चालवताना*

- इंजेक्टरच्या डोक्याखाली पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. वरची कॉइल आणि प्लॅस्टिक हा भार सोसत नाही.
- हातोडीने ठोकू नका, आणि गॅसची ज्योत लावून गरम करू नका.
- चिकटलेला इंजेक्टर दोन दिवस हलला नाही तर तिथेच थांबा आणि जळगावच्या अजिंठा चौफुलीवरच्या किंवा तुमच्या गावच्या डिझेल मिस्त्रीकडे हायड्रॉलिक पुलर मागा. मोडलेला इंजेक्टर काढायला हेड उतरवावे लागते.
- नोझलच्या टोकाला तारेचा ब्रश, पिन किंवा पॉलिश पेपर लावू नका. तिथली छिद्रे मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असतात.
- इंजेक्टर पेट्रोलने धुऊ नका, आणि घरी खोलून बघू नका. आतल्या भागांचे अंतर धुळीच्या कणापेक्षा कमी असते.
- पाण्याचे थेंब टाकणाऱ्या कंप्रेसरची हवा उघड्या तोंडावर मारू नका.
- इंजेक्टरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून 'टिक टिक' ऐकू नका, कॉइल जळते.
- हाय प्रेशर पाइप वाकवू नका, लांबी जुळत नाही म्हणून ओढूनताणून लावू नका आणि त्याला वेल्डिंग करू नका.
- ग्रीस नोझलच्या टोकाला किंवा वॉशरच्या बसण्याच्या जागेवर लावू नका.
- इंजेक्टर बाहेर असताना सेल्फ मारू नका; सिलिंडरमधले तेल आणि कार्बन जोरात वर उडते.

*सुरू करताना*

- इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारू नका. हीटर प्लग तापलेला असताना तो स्फोटासारखा पेटतो.
- गाडी ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून स्टार्ट करू नका. एअर राहिली असेल तर परत प्रायमर दाबा.
- कोड न लिहिता 'चालतेय ना' म्हणून गाडी भाड्याला पाठवू नका. टकटक वाढते आणि पुढे पिस्टन जळू शकतो.
- दोन सिलिंडरचे इंजेक्टर कोड न बदलता आपसात अदलाबदल करू नका.
- मोबाइलला जोडायच्या स्वस्त स्कॅनरवर विसंबू नका. ते बहुतेक फक्त दोष वाचतात, कोड लिहीत नाहीत.
- चालू इंजिनावर कोणताही कपलर काढून बघू नका. इंजेक्टरच्या तारांत बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असते.
- पहिल्या दिवशी माल भरून लळिंगच्या चढावर, चाळीसगावच्या कन्नड घाटात किंवा पळासनेरहून सेंधव्याकडे जाऊ नका.
- कॅनमधले, बॅरलमधले किंवा महामार्गालगत स्वस्तात मिळणारे 'बायोडिझेल' नव्या इंजेक्टरला पाजू नका. पंपावरच भरा आणि पावती ठेवा.
- टाकी लालवर येईपर्यंत चालवू नका. तळातला गाळ आणि पाणी आधी फिल्टरला, मग इंजेक्टरला भेटते.

*दाबाच्या बाबतीत*

हे शेवटचे नियम बाकी सगळ्यांच्या वर आहेत. गाडी नाही झाली तरी चालेल, पण हे मोडू नका.

- चालू इंजिनावर पाइपचा नट ढिला करून 'कोणता सिलिंडर मरतो' ते बघू नका. जुन्या डीआय गाडीत मिस्त्री असेच करायचे; तिचे नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचे, कॉमन रेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो.
- एअर काढण्यासाठीही नट ढिला करून सेल्फ मारू नका. ही रीत यांत्रिक पंपाच्या गाडीपुरती ठेवा.
- गळती बोटाने शोधू नका. धार डोळ्यांना दिसत नाही, आणि ती हातमोजा फोडून कातडीखाली जाते.
- चालू इंजिनावर वाकून तोंड रेलजवळ नेऊ नका, चष्मा असला तरी.
- धार लागली आणि फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतोय, दुखत नाही, म्हणून घरी थांबू नका. डिझेल आत पसरते आणि बोट, प्रसंगी हात, गमवावा लागतो.
- ती जागा चोळू नका, दाबून डिझेल काढू नका, हळद लावू नका.
- गावच्या दवाखान्यात पट्टी बांधून परत येऊ नका. १०८ ला फोन करा आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच तासाला पोहोचा. 'जास्त दाबाची डिझेलची धार कातडीत गेली आहे' हेच शब्द डॉक्टरांना सांगा. याला शस्त्रक्रिया लागते आणि ती लवकर लागते.